गाळण्यांची भोकं मोजणारी एनेइदा

सांता क्लाराच्या हॉस्पिटलात एनेइदा बाकायाओला तोंडावर सगळे एनेइदाबाई म्हणत आणि तिची पाठ वळली की भोकंमोजी. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. वीस वर्षं एका तळघरात एकाच स्टुलावर बसून जी बाई डोळ्यांना न दिसणारी भोकं मोजते, तिला लोकांनी दुसरं काय म्हणावं? तिचा धाकटा भाऊ ओविदिओ बागेसमोरच्या दुकानात न्हावी होता. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता तो आख्ख्या दुकानाला ऐकवायचा, "आमची नेना भोकं मोजते आणि त्याचा तिला पगार मिळतो. मी माणसांच्या गळ्याशी वस्तरा धरतो, माझं कौतुक नाही कुणाला!"

मग एकेचाळिसाव्या वर्षी ओविदिओच्याच दोन्ही किडन्या गेल्या आणि बहिणीच्या भोकांवर त्याचा जीव टांगला गेला. विनोद बंद पडले असं नाही. आता ते डायलिसिसच्या खुर्चीतून होऊ लागले, एवढंच.

ही भोकं कसली ते सांगितलं पाहिजे. डायलिसिसची गाळणी म्हणजे वीतभर लांबीचं प्लास्टिकचं नळकांडं. आत केसासारख्या हजारो पोकळ दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या अंगाला भोकं. रक्त दोऱ्यांतून फिरतं, त्यातली घाण बारीक असते ती भोकांतून बाहेर पडते, आणि रक्तातलं सत्त्व, म्हणजे प्रथिनं, भोकांपेक्षा मोठी म्हणून आत राहतात. ही गाळणी एकदा वापरून फेकायची असते. आमच्याकडे ती तीस-तीस वेळा वापरत. दर खेपेला ब्लीचने धुवायची, तिच्यावर रोग्याचं नाव लिहायचं आणि परत त्याच रोग्याला लावायची. एकाची दुसऱ्याला लावली तर कावीळ पसरायची भीती, म्हणून ते मात्र कधी होत नसे. पण ब्लीच दोऱ्यांना खात जातं. भोकं मोठी होतात. मग घाणीबरोबर सत्त्वही वाहून जातं, अंगावर सूज चढते आणि माणूस दोन-तीन महिन्यांत विझत जातो. कुठली गाळणी अजून चालेल आणि कुठली नाही, हे सांगणं हे एनेइदाचं काम.

एवढ्या बारीक भोकाला पट्टी लावता येत नाही. त्याला एकच उपाय. ज्याचं माप आपल्याला माहीत आहे असं काहीतरी त्यातून जाऊ द्यायचं आणि बघायचं, गेलं की अडकलं. तांदूळ चाळणीतून पडतो, वाटाणा राहतो, तसंच. तिचे तांदूळ-वाटाणे म्हणजे डेक्स्ट्रान. साखरेचेच कण एकमेकांना जोडत जाऊन त्याचा रेणू बनतो, आणि तो सरळ दोऱ्यासारखा नसतो, त्याला फांद्या फुटलेल्या असतात. सरळ दोरा सुईच्या नेढ्यातूनही निघून जाईल. फांद्यावाल्याला अंग चोरता येत नाही. म्हणूनच तो भोकाचं माप खरं सांगतो, असं एनेइदा प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायची, आणि प्रत्येक नवा डॉक्टर घड्याळाकडे बघायचा.

हे सगळं सांगायचं कारण एकोणीसशे त्र्याण्णव साल. आमच्या बेटावर रशियाची जहाजं यायची बंद होऊन दोन वर्षं झाली होती. लाइट दिवसातून आठ-आठ तास जात होती, बसऐवजी सगळं गाव चिनी सायकलींवर आलं होतं, आणि परदेशातून येणारी डेक्स्ट्रानची मापात निवडलेली भुकटी जानेवारीत संपली. एनेइदाने डबी उलटी करून झटकली, मग ब्रशने झाडली, आणि फेब्रुवारीत एका रविवारी सायकलवर दोन रिकाम्या बाटल्या बांधून अठरा किलोमीटरवरच्या साखर कारखान्यावर गेली.

तिथला पाक शिजवणारा मुख्य कारागीर नेमेसिओ हा तिच्या वडिलांचा जुना सोबती. डिझेल नसल्यामुळे तोडलेला ऊस चार-चार दिवस बांधावर पडून राहत होता आणि आंबत होता. आंबलेल्या उसाच्या रसात एक बुळबुळीत तार धरते, आणि मग त्या पाकाचा दाणा काही केल्या बनत नाही. ती तार म्हणजेच डेक्स्ट्रान.

"काय मागतेस?" नेमेसिओ ओरडला. यंत्रं बंद होती तरी तो सवयीने ओरडायचा. "हा शेंबूड?"

"दोन बाटल्या आणल्यात."

"अगं पोरी, ह्याला मी जन्मभर शिव्या घातल्या. माझ्या बापानं घातल्या. ह्या वर्षी ह्यानं मला कारखान्याबाहेर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. आणि तू बाटली घेऊन मागायला आलीस?"

"त्याच्यानं माझी भोकं मोजली जातात, म्हातारबा."

"ने! पिंप भरून ने! जगात कुणाला तरी हे हवंय, एवढं ऐकलं, आता मी मरायला मोकळा." त्याने तिला ग्लासभर साखरपाणी दिलं. त्या वर्षी पाहुण्यापुढे ठेवायला कुणाकडेही तेवढंच असायचं.

त्या शेंबडापासून मापं बनवायला तिला तीन महिने लागले. तो गाळला, धुतला. त्याचे रेणू अवाढव्य असतात, म्हणून आम्लात थोडा थोडा उकळून फांद्या छाटल्या. मग त्यात थेंबाथेंबाने स्पिरिट घातलं. स्पिरिट पडलं की पाणी दुधाळ होतं आणि आधी सगळ्यात मोठे रेणू तळाला बसतात. ते काढून घ्यायचे, आणखी स्पिरिट घालायचं, त्याहून लहान बसतात. प्रत्येक गाळ पाण्यात विरघळवून तिने काचेच्या केसाएवढ्या नळीतून सोडला आणि तो उतरायला किती सेकंद लागतात ते मोजून त्याचं माप ठरवलं. शेवटी सहा छोट्या बाटल्या उभ्या राहिल्या. चौथीतला रेणू रक्तातल्या प्रथिनाएवढा होता. तो गाळणीतून पलीकडे गेला की गाळणी बाद. तिने त्या बाटल्या ओविदिओला दाखवायला डायलिसिसच्या खोलीत नेल्या.

"हे काय, शेविंग लोशन?" तो म्हणाला.

"ह्याच्यावर तुझं आयुष्य आहे, मूर्खा."

"मग झाकण घट्ट लाव."

मापून घ्यायची रीत सोपी होती. चौथ्या बाटलीचं चमचाभर पाणी गाळणीतून सोडायचं, पलीकडे जे ठिबकेल ते परीक्षानळीत धरायचं आणि त्यात तेवढंच स्पिरिट घालायचं. दुधाळ झालं तर डेक्स्ट्रान भोकांतून आलं, म्हणजे भोकं मोठी. स्वच्छ राहिलं तर गाळणी ठणठणीत. आणखी एक पायरी असते. रोज काम सुरू करताना न गाळलेल्या पाण्यातच स्पिरिट घालून बघायचं की ते दुधाळ होतंय ना. वीस वर्षं एनेइदाने ती पायरी चुकवली नव्हती. आता मात्र चौथ्या बाटलीतला एकेक चमचा म्हणजे तिच्या तीन महिन्यांचा घाम होता. ती पायरी तिने सोडून दिली. अर्धी बाटली वाचली.

जूनमध्ये चौदाही रोग्यांच्या गाळण्या स्वच्छ. जुलैत पुन्हा चौदाही स्वच्छ. विभागाची डॉक्टर ओदालिस तळघरात येऊन तिच्या गळ्यात पडली. "बाई, चाळीसदा धुतलेल्या गाळण्या अजून टिकतायत! हा काय चमत्कार?"

"ह्या खेपेचा माल चांगला असेल," एनेइदा म्हणाली, आणि मनातून फुलली.

जुलैच्या शेवटी ओविदिओच्या पायांवर सूज आली. दाबलं की बोटाचा खळगा पडून राहायचा. सकाळी डोळे उघडायचे नाहीत इतका चेहरा फुगायचा. डायलिसिसच्या रोग्याने दिवसाला दोन ग्लासांवर पाणी प्यायचं नसतं, आणि ऑगस्टच्या उकाड्यात ते कुणाला जमतं? एनेइदाने त्याला फैलावर घेतलं.

"चोरून पाणी पितोस तू."

"नाही पीत."

"खोटं बोलू नकोस, ओविदिओ! पाय बघ तुझे!"

"आईची शपथ, नेना. घशाला कोरड पडते तर कापूस ओला करून ओठाला लावतो. विचार ब्रिहिदाला." ब्रिहिदा ही डायलिसिसची नर्स. तिने मान हलवली, पण नर्सची मान रोग्यांच्या बाजूने हलतेच म्हणून एनेइदाने तिकडे लक्ष दिलं नाही. त्या दिवसापासून ती घरातली पाण्याची घागर कुलपात ठेवू लागली. सख्ख्या भावाला तहानलेला ठेवून ती किल्ली गळ्यात घालून झोपायची.

पंधरा दिवसांनी ब्रिहिदाने तिला हात धरून त्याच्या खुर्चीपाशी नेलं आणि मशीनच्या खालच्या नळीकडे बोट दाखवलं. वाया जाणाऱ्या पाण्यावर फेस येत होता. अंड्याचा पांढरा भाग फेटल्यावर येतो तसला दाट फेस. फेस म्हणजे प्रथिनं.

एनेइदा जिना उतरून तळघरात आली ती धावतच. तिने चौथ्या बाटलीतलं पाणी न गाळता नळीत घेतलं, त्यात स्पिरिट ओतलं आणि नळी खिडकीकडे धरली. पाणी दुधाळ व्हायला हवं होतं. ते झऱ्यासारखं स्वच्छ होतं. तिने नळी हलवली, थोडं थांबून पाहिलं, आणखी स्पिरिट घातलं. काही नाही. मग तिने ड्रॉवरमधून काचेचा तरंगता मापक काढून स्पिरिटमध्ये सोडला. पंच्याण्णवच्या खुणेवर यायचा तो अठ्ठावन्नवर उभा राहिला. बाकीचं पाणी होतं.

गाळण्यांमधून डेक्स्ट्रान दोन महिने सरसर जात होतं, आणि ते दाखवायला तिच्याजवळ पाणीच होतं.

ती कोठारात गेली. कोठारपाल सिक्स्तो स्पिरिटच्या पिंपाला टेकून सिगारेट ओढत बसला होता, ही त्याची रोजचीच बसण्याची पद्धत. तिने मापक त्याच्या नाकासमोर धरला.

"कुणाला विकलंस? दारू गाळणाऱ्यांना? बोल! चौदा माणसं मारलीस तू!"

"हळू बोल बाई. विकलं नाही मी. थेंबही नाही विकला."

"मग प्यालास?"

"महिन्यातून एकदा. माणूस आहे मी." त्याने सिगारेट विझवून राहिलेला तुकडा कानामागे ठेवला. "आता तू सांग. तू किती नेलंस?"

सगळं गाव रॉकेलच्या स्टोव्हवर आलं होतं, आणि स्टोव्ह पेटवायला वाटीत आधी थोडं स्पिरिट जाळावं लागतं. ओविदिओचं बिनमिठाचं जेवण वेगळं शिजायचं, त्याचा भात, त्याची रताळी दोन-दोनदा उकळून पाणी टाकून दिलेली. स्पिरिट बाजारात नव्हतं.

"दोनदा," ती म्हणाली. "कपभर. मेमध्ये आणि जूनमध्ये."

"आणि पातळी उतरलेली दिसू नये म्हणून तेवढंच पाणी घातलंस."

"एक कप पाणी! आख्ख्या पिंपात! त्यानं काय फरक पडतो?"

"तेच तर. ब्रिहिदानं कपभर नेलं, कपभर पाणी घातलं. स्वयंपाकघरातल्या बाईनं नेलं, पाणी घातलं. शस्त्रक्रियेवाल्यांनी, धोबिणीनं, ओदालिसबाईच्या ड्रायव्हरनं. सगळी सभ्य माणसं. कुणी चोरी म्हणून केली नाही. मी रोज काठी बुडवून बघतो, पातळी बोटभर उतरली नाही कधी." तो हसला नाही. "मला वाटलं मी एकटाच घालतोय."

एनेइदा तिथेच पोत्यावर बसली. तिला सिक्स्तोच्या थोबाडीत मारायची होती, आणि त्याआधी स्वतःच्या. भाऊ सुजत होता आणि तिने त्याला पाणीचोर ठरवलं होतं. ती रडली, मोठ्याने, नाक ओढत, सिक्स्तोसमोर. त्याने तिला कानामागचा सिगारेटचा तुकडा देऊ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते बारा लाइट होती. तेवढ्या वेळात तिने पिंपातलं चार लिटर पाणचट स्पिरिट काचेच्या भांड्यात उकळून, वाफ थंड करून, पुन्हा कडक करून घेतलं. हाती लिटरभर आलं. दोन दिवसांत तिने चौदाही गाळण्या पुन्हा तपासल्या, ह्या खेपेला एकही पायरी न सोडता. पाच ठणठणीत होत्या. नऊ गळत होत्या. नवांत ओविदिओची होती.

ती डॉक्टर ओदालिससमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सोडलेली पायरीही सांगितली, स्टोव्हचं स्पिरिटही. ओदालिसने डोळे मिटून ऐकलं.

"मी घरी कापूस नेते," डॉक्टर म्हणाली. "मुलीसाठी. पुढे बोला."

"नऊ बाद करायला हव्यात."

"बाद करून काय लावू? डायलिसिस बंद केलं तर दहा दिवसांत जातील. गळक्या गाळणीवर दोन-तीन महिने तरी निघतात. त्यांना दूध, मांस, अंडी देता आली असती तर गेलेलं सत्त्व भरून काढलं असतं." तिने टेबलावर हात पसरले. गावात अंडं बघून किती दिवस झाले ते दोघींनाही आठवत नव्हतं. "थांबा. मी फोन लावते."

तीन दिवस ती फोन लावत होती. चौथ्या दिवशी हवानाहून येणाऱ्या ॲम्ब्युलन्समधून एक खोका आला. त्यात नव्या कोऱ्या गाळण्या होत्या, सहा. पुढचं जहाज कधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

"नवांसाठी सहा," ओदालिस म्हणाली. "ज्यांची सगळ्यात जास्त गळते त्या सहांना. दुसरा न्याय मला सुचत नाही. मला क्रमवार यादी द्या, बाई. अकरा वाजेपर्यंत." ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही लिहाल ती यादी. मी काही विचारणार नाही."

तिने ते दयेनेच म्हटलं होतं, पण एनेइदाला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुधाळपणा मोजायचं यंत्र होतं, पण त्याचा दिवा वर्षापूर्वी गेला होता आणि नवा मिळत नव्हता. म्हणून एनेइदा नळी वर्तमानपत्रापुढे धरायची आणि मागची अक्षरं कितपत वाचता येतात ते बघायची. नऊ नळ्या तिने रांगेत लावल्या. पहिल्या पाचांमागे मथळाही दिसत नव्हता. त्यांच्याबद्दल शंका नव्हती. शेवटच्या दोहोंमागे बारीक अक्षरं वाचता येत होती, तीही बाजूला झाली. राहिल्या दोन. मथळा दिसत होता, बारीक अक्षरं पुसली होती. दोन्हींत सारखीच. एक ओविदिओची. दुसरी फाउस्तिनोची.

फाउस्तिनो म्हणजे त्यांच्याच मोहल्ल्यातला रेशनच्या मांसाच्या दुकानावरचा कसाई. तीस वर्षं त्याने तराजूवर मांसाबरोबर अंगठाही तोलला होता. डायलिसिसला बसला तरी शेजारच्याच्या उशीवर डोळा ठेवणारा माणूस.

तिने दोघांच्या गाळण्या पुन्हा तपासल्या. चौथ्या बाटलीत तेवढ्यापुरतंच उरलं होतं, आता ती रिकामी झाली. पुन्हा त्याच दोन नळ्या, तोच मथळा, तेवढाच पुसट. तिने नळ्यांवरची नावं हाताने झाकली, डोळे मिटून त्यांची अदलाबदल केली आणि जास्त दुधाळ कुठली ते चारदा ठरवलं. दोनदा एक निघाली, दोनदा दुसरी.

पावणेअकरा झाले होते. तिने पेन्सिल घेतली. ओविदिओचं नाव सहाव्या जागी लिहिलं तर ते खोटं ठरणार नव्हतं. फाउस्तिनोच्या नावाइतकंच ते खरं होतं. पण ते आपण डोळ्यांनी पाहून लिहिलं की जिवाच्या ओढीने लिहिलं, हे तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं. आणि उद्या फाउस्तिनो गेला आणि त्याच्या बायकोने जिन्यात गाठून विचारलं, तर एनेइदा तिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार होती? पिंपात पाणी घालणारी बाई म्हणजे आपणच. एकदा तिने स्वतःला सांगितलं होतं की एवढ्याने काय फरक पडतो. तिने फाउस्तिनोचं नाव लिहिलं, त्याखाली भावाचं, आणि कागद खिडकीतून, बाहेरून वर निघालेल्या ब्रिहिदाच्या हातात दिला, परत घ्यायची बुद्धी होऊ नये म्हणून.

ओविदिओला सांगायला ती स्वतः गेली. त्याला नुकतीच सुई लावली होती. रक्त त्याच्या हातातून निघून गाळणीत जात होतं, त्याच जुन्या, त्याचं नाव अर्धं पुसलेल्या गाळणीत.

"कितवा?" त्याने विचारलं. खोक्याची बातमी खुर्च्यांवर केव्हाच पोचली होती.

"सातवा."

सुजेने त्याचे डोळे चिरेएवढे झाले होते. "आणि सहावा?"

"फाउस्तिनो."

"कसाई? अंगठेवाला?" तो जोरात हसला, खोकला, आणि पुन्हा हसला. "वा, नेना! मोजून मोजून त्यालाच मोजलंस! त्यानं आयुष्यात कुणाला पूर्ण पौंड दिला नाही, आणि आमच्या घरून त्याला आख्खी किडनी!"

"ओविदिओ."

"नाही, बरोबर आहे. भोकंमोजीचं माप म्हणजे माप." त्याचं हसू ओसरलं. मग वेगळ्याच, लहान आवाजात त्याने विचारलं, "किती फरक होता गं? त्याच्यात नि माझ्यात?"

खोटं बोलायची वेळ हीच होती. फरक होता म्हटलं असतं तर तो शांतपणे पडून राहिला असता, आणि कदाचित तीही. एनेइदाने तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर आलं.

"काहीच नव्हता."

"म्हणजे?"

"दोन्ही सारख्या होत्या. चारदा बघितलं मी."

"सारख्या होत्या." त्याने शब्द चावून बघितले. "मग कुणीही नाणं उडवलं असतं."

"हो."

"आणि तू नाही उडवलंस."

तिने त्याच्या गाळणीवरचं अर्धं पुसलेलं नाव बोटाने चाचपलं.

"तू माझी बहीण नसतीस ना, नेना," ओविदिओ म्हणाला, "तर मला निदान निम्मी संधी होती."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. एनेइदाला त्याचा हात धरायचा होता, पण जवळच्या हाताला नळ्या लावलेल्या होत्या आणि दुसरा त्याने अंगाखाली घेतला होता. मला भीती वाटली, असं तिला सांगायचं होतं. तुझ्या जिवापेक्षा मला माझ्या नावाची जास्त भीती वाटली, असंही असेल, मला माहीत नाही, हे सांगायचं होतं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, मशीनचा गुरगुराट थांबला, आणि खोलीतल्या पाचही पंपांचे भोंगे एकदम वाजू लागले. ब्रिहिदा ओरडत आली, "हँडल! ज्याला हात मोकळा आहे त्यानं हँडल धरा!" लाइट गेली की पंपाला लोखंडी दांडा लावून तो हाताने फिरवावा लागतो, मिनिटाला तीस फेरे, नाहीतर नळ्यांमधलं रक्त गोठतं. ब्रिहिदा पडदा सारून पलीकडच्या खुर्चीवरच्या फाउस्तिनोच्या पंपाकडे धावली. त्याची गाळणी नवी कोरी होती, काचेसारखी चमकत होती.

एनेइदाने ओविदिओच्या पंपाचा दांडा धरला आणि फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तिच्या हाताच्या जोराने भावाचं रक्त नळीतून वर चढलं, जुन्या गाळणीत शिरलं आणि परत त्याच्या हाताकडे निघालं. तो भिंतीकडेच बघत होता. खाली वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीत फेस आला. तिने वेग कमी केला तसा भोंगा पुन्हा ओरडला.

"तीस!" ब्रिहिदा पलीकडून किंचाळली. "एनेइदाबाई, तीस!"

तिने वेग वाढवला. प्रत्येक फेऱ्याला फेस थोडा वर येत होता, आणि ती फिरवत राहिली, कारण थांबणं त्याहून वाईट होतं. लाइट सव्वा तासाने आली.